साडेनऊ गोळ्या

त्या दिवशी माझ्या बायकोच्या छातीवर एका मिनिटात एकशे बत्तीस ठोके मोजले गेले, आणि त्याच मिनिटात तिच्या मनगटावर अठ्ठ्याण्णव. छातीवर नळी लावून नर्सबाई मोजत होत्या, मनगट माझ्या हातात होतं, घड्याळ दोघांचं एकच होतं. चौतीस ठोके मधेच कुठंतरी गळत होते. मी सांख्यिकी खात्यातला माणूस. दोघांच्या मोजणीत फरक आला की आधी मोजणाऱ्यावर संशय घ्यायचा, ही आमची रीत. मी म्हटलं, "पुन्हा मोजू या." पुन्हा मोजलं. फरक छत्तीस.

"तप्पिल्लरी," नर्सबाई म्हणाल्या. चूक नाही. आणि मग मराठीत, "हृदय भरायच्या आधीच आवळतंय. रिकामा ठोका हातापर्यंत कसा पोचणार?"

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. आम्ही धारवाडात राहत होतो, सुभाष रोडच्या मागच्या एका गल्लीत. घरात तिघं: मी, माझी बायको, आणि माझी थोरली विधवा बहीण, अक्का. अक्कानं मला लहानाचं मोठं केलं, त्यामुळं घरात शब्द तिचाच. बायकोला लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला होता. त्यात हृदयाची एक झडप आकसली. ऑपरेशन लागण्याइतकी नाही, असं हुबळीचे डॉक्टर म्हणत. पण वयाच्या सदतिसाव्या वर्षी ठोक्यांचा ताल गेला तो गेलाच. भाजी घेऊन परत येताना ती तीन ठिकाणी थांबायची. तीन जागा ठरलेल्या होत्या आणि तिथले दुकानदार न विचारता स्टूल पुढं करत. याचा तिला फार संकोच वाटे.

डॉक्टरांनी आधी वेग कमी करणारी गोळी दिली. आठवड्यातले पाच दिवस घ्यायची, शनिवार-रविवार सुट्टी, नाहीतर औषध अंगात साठून विष होतं. त्या गोळीनं छातीवरचे ठोके नव्वदच्या आसपास आले, पण ताल आला नाही. दोन ठोके लागोपाठ, मग मोकळी जागा, मग तीन, मग एक. रोज संध्याकाळी मी मोजून वहीत लिहीत असे, आणि रोज वैतागत असे, कारण असल्या मोजणीची सरासरी काढून काही हाती लागत नाही.

मग एका सोमवारी डॉक्टर म्हणाले, "आपल्याकडं आता मशीन आहे. झोपेचं इंजेक्शन देऊन छातीवर विजेचा एक झटका द्यायचा. बहुतेकदा ताल परत येतो."

"धोका?" मी विचारलं.

"झटक्याचा नाही. हृदयाचा वरचा कप्पा सध्या नुसता थरथरतोय. तिथं रक्त साचतं, साचलं की गुठळी होते. ताल आला की तो कप्पा पहिल्यांदा नीट आवळणार, आणि गुठळी असली तर ती सुटून सरळ मेंदूत. बाई ताल घेऊन घरी जातील, पण एक बाजू लुळी पडलेली. म्हणून आधी एकवीस दिवस रक्त पातळ करायची गोळी. रोज. एक दिवस चुकला की पुन्हा एकपासून मोजायचं. तुम्ही मोजणारे आहात, तुम्हाला जास्त सांगायला नको."

ही शेवटची स्तुती मी बस येईपर्यंत मनात घोळवत होतो. आज तिची चीड येते.

गोळ्या मोजून तीस आणल्या. काचेची छोटी बाटली, स्वयंपाकघरातल्या फळीवर, मीठ-साखरेच्या डब्यांशेजारी. रात्रीचं जेवण झालं की मी एक गोळी काढून तिच्या हातावर ठेवायचो आणि वहीत खूण करायचो. पहिल्या आठवड्याची रक्ताची तपासणी हवी तशी आली.

नवव्या दिवशी मला फिरतीवर जावं लागलं. अळणावरच्या बाजूला भाताची कापणी सुरू झाली होती, आणि कापणी आमच्या सोयीनं थांबत नाही. आमचं काम असं: शेतात ठरल्या मापाचा चौकोन दोरीनं आखायचा, तेवढंच भात कापून, मळून, वजन करायचं, आणि त्यावरून तालुक्याचा अंदाज बांधायचा. कोणता चौकोन घ्यायचा हेही कोष्टकातून ठरतं, आपल्या मर्जीनं नाही. खात्यात काही जण शेतात पाऊल न टाकता गावच्या चावडीत बसून आकडे भरत. त्यांना मी चारचौघांत खोटारडे म्हटलं होतं, एकाशी तर वर्षभर बोललो नव्हतो. शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस मी तिकडं होतो. निघताना सकाळच्या गाडीच्या घाईत अक्काला म्हटलं, "गोळी चुकवू नका."

"मला शिकवतोस होय रे? तू जा," अक्का म्हणाली.

मंगळवारी परत आलो. बायको मागच्या पडवीत केस वाळवत बसली होती. मी बूट काढता काढता विचारलं, "गोळ्या झाल्या ना वेळेवर?"

बायकोनं अक्काकडं पाहिलं. अक्का म्हणाली, "झालं की रे सगळं. आधी पाय धू."

मी पाय धुतले, वही काढली आणि शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार अशा चार खुणा केल्या. एकाच बैठकीत, एकाच शाईनं. त्या संध्याकाळी छातीवरचे ठोके एकशे आठ भरले. प्रवास मी केला होता आणि दमलेली ती कशी असेल, हा प्रश्न मला पडला नाही. मी लिहिलं, एकशे आठ.

चौदा दिवस भरल्यावर दुसरी तपासणी झाली. डॉक्टरांनी तो कागद पहिल्या तपासणीच्या कागदाशेजारी धरला.

"रक्त पुन्हा दाट झालंय. गोळी चुकली का?"

"एकही नाही," मी म्हटलं आणि वही पुढं केली.

त्यांनी खुणांवरून बोट फिरवलं. "मग हा डोस यांना पुरत नाहीये. आजपासून दीड घ्या."

सात दिवस दीड-दीड गोळी. त्या आठवड्यात दात घासताना तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तिसरी तपासणी मात्र चांगली आली. डॉक्टरांनी बाविसाव्या दिवसाची सकाळ ठरवली, वॉर्डात खाट राखून ठेवली. वेगाची गोळी दोन दिवस आधीच बंद करायला सांगितली होती, तीही केली.

बाविसाव्या दिवशी सकाळी सहाला मी पिशवी भरत होतो. टॉवेल, तांब्या, रिपोर्ट, वही. बाटली उचलली आणि सवयीनं गोळ्या तळहातावर ओतल्या. चौदा दिवस एक म्हणजे चौदा. सात दिवस दीड म्हणजे साडेदहा. साडेचोवीस गेल्या. तिसातून साडेपाच उरायला हव्या होत्या.

साडेनऊ होत्या.

मी तीनदा मोजल्या. नंतर दुकानदारानं जास्त दिल्या असतील म्हणून बिल काढलं, त्यावर तीसच. मग माझ्या डोक्यात चार हा आकडा उतरला.

"अक्का," मी म्हटलं, "मी अळणावरला असताना हिनं गोळ्या घेतल्या होत्या?"

अक्का सोवळ्यात होती, चुलीवर भात होता. मागं न वळता म्हणाली, "कशी घेणार? दोन्ही गोळ्या आत फळीवर, आणि ही बाहेर बसली होती की."

त्या काळी आमच्या घरात पाळी आलेली बाई चार दिवस मधल्या खोलीच्या कोपऱ्यात वेगळी बसायची. स्वयंपाकघरात यायचं नाही, कशाला शिवायचं नाही. ताट लांबून सरकवायचं. याआधी दर महिन्याला त्या चार दिवसांत वेगाची गोळी मीच तिला द्यायचो, आणि मीसुद्धा वरूनच टाकायचो, तिच्या ओंजळीत. स्वतःला सुधारक समजणारा मी, हातभर अंतरावरून गोळी टाकत होतो आणि नेम चुकला तर हसत होतो.

"मग तुम्ही द्यायची होती!"

"ओरडू नकोस. रक्त पातळ करायची गोळी ती, आणि हिचं आधीच किती जात होतं तुला काय ठाऊक? कपड्यावर कपडा. मला भीती वाटली. म्हटलं चार दिवस नको. त्या दुसऱ्या गोळीला शनिवार-रविवार सुट्टी असतेच की. या गोळीलाही दिली सुट्टी, काय बिघडलं?"

"मला का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं!"

"हे काय पुरुषांना सांगायचं असतं?" अक्का आता वळली. "आणि तू काय विचारलंस रे? बूट काढत काढत?"

मला तिचा इतका राग आला की हातातल्या गोळ्या खाली पडल्या. राग अशासाठी की तिच्या बोलण्यात अक्कल होती. गोळीमुळं खरोखरच जास्त रक्त जात होतं. ते घरात एकट्या तिच्या लक्षात आलं होतं, आणि तिनं तिला सुचेल तो उपाय केला होता. एकवीस दिवसांचं औषध लिहून देताना डॉक्टरांनी हे विचारलं नाही. तीन आठवड्यांत ते चार दिवस बहुतेक येणारच, हे साधं गणित मला सुचलं नाही. मी दर महिन्याला पाहत होतो. तालुक्याच्या भाताचा अंदाज बांधणारा मी.

बायको दारात उभी होती. नवं लुगडं नेसलेली, जायला तयार.

"अगं, तू तरी बोलायचंस!"

"अक्का म्हणाल्या होत्या सुट्टी असते. नंतर तुम्ही खुणा केल्यात. मग मी काय बोलू?" ती म्हणाली. मग म्हणाली, "अहो, तिथं काही सांगू नका. शेवटची तपासणी चांगली आलीय ना? होऊन जाऊ दे आज. मला आता नाही सोसवत. त्या स्टुलावर नाही बसायचं मला."

हुबळीपर्यंत तासभर बस. आम्ही शेजारी बसलो होतो. तिचं मनगट हातात घेतलं तर तिनं सोडवून घेतलं. मी हिशेब करत होतो. तिसरी तपासणी चांगली आहे. शेवटचे नऊ दिवस सलग झाले आहेत. गुठळी झालीच असेल असं नाही. पण नसेल असंही नाही, आणि नऊ म्हणजे एकवीस नव्हे. वाटेतलं नवलूर मागं पडलं तेव्हा गप्प बसायचं असं ठरवलं होतं. हुबळी आली तेव्हा बोलायचं ठरलं होतं.

वॉर्डात डॉक्टर खाटेशी उभे होते. भोवती सात-आठ शिकाऊ पोरं, दोन मुली. तिला खाटेवर निजवलेलं, पदर बाजूला, छाती पुसणं चाललेलं. मी सरळ जाऊन म्हटलं, "डॉक्टर, थांबा. चार गोळ्या चुकल्यात. नवव्या दिवसापासून बाराव्यापर्यंत."

"वहीत तर आहेत."

"वही खोटी आहे. मी गावाला होतो. ही बाहेर बसली होती, त्यामुळं घरात कुणी गोळी दिली नाही. रक्त जास्त जात होतं म्हणूनही."

 एका पोराला हसू आवरेना, त्यानं तोंड फिरवलं. डॉक्टर लाल झाले.

"त्या खुणा बघून मी डोस वाढवला! गोळी कमी पडत नव्हती, पोटातच जात नव्हती. आणि मी दीडपट केली. डोक्यात रक्तस्राव झाला असता तर? इदु निम्म आफीस रजिस्टर अल्लरी!" हे तुमच्या ऑफिसचं रजिस्टर नव्हे. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ते म्हणाले, आणि ते बरोबर होतं. पण मला त्यांचाही राग आलाच. मी म्हटलं, "बाईमाणसाला रक्त पातळ करायचं औषध देताना हे विचारायला नको होतं का, डॉक्टर?"

 ते पोरांकडं वळून म्हणाले, "लिहून घ्या. हे विचारायचं." आणि मला, "घरी न्या. पुन्हा एकपासून."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसली. घरी आल्यावर पाच दिवस माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, ती तारीख गेली म्हणून रुसली आहे.

दुसऱ्या खेपेला मी बाटली स्वयंपाकघरातून काढली आणि मधल्या खोलीच्या खिडकीत ठेवली. इतकंच करायचं होतं. एक फळी बदलायची होती. अक्का म्हणाली, "ती बाटली आता आत आणायची नाही."

"नाही आणत."

"आणि तिला शिवलास तर अंघोळ केल्याशिवाय इकडं पाऊल टाकायचं नाही."

"मग माझंही ताट बाहेरच सरकवा," मी म्हटलं. सोळाव्या दिवसापासून चार दिवस मी बायकोच्या शेजारी भिंतीला टेकून जेवलो. गोळी तिची तीच काढून घेई. मी फक्त पाहत असे आणि पाहिल्यावरच खूण करत असे. अक्का ताटं अशी सरकवायची की आमटी सांडायची. तिसऱ्या दिवशी बायको हळूच म्हणाली, "मुद्दाम करताहेत." आणि आम्ही दोघं तोंडात घास असताना हसलो. पण एक खरं. त्या चार दिवसांत कपडे किती लागले ते अक्का रोज बायकोला विचारत होती आणि आकडा दाराआडून मला सांगत होती. पुरुषांना न सांगायची गोष्ट ती आयुष्यात पहिल्यांदा सांगत होती, भिंतीकडं तोंड करून, रागानं. मी तो आकडा डॉक्टरांना नेऊन दिला. त्यांनी गोळी चालूच ठेवली, फक्त दोनच दिवसांनी तपासणी करून घेतली.

या वेळी बाविसाव्या दिवशी मला बाहेर थांबवलं. दार पूर्ण लागत नव्हतं. डॉक्टरांनी सगळ्यांना खाटेपासून लांब व्हायला सांगितलं ते ऐकू आलं. मग एक धप्प आवाज, पोतं टाकल्यासारखा. मग काहीच नाही. मग पुन्हा "लांब व्हा", पुन्हा धप्प. आणि नर्सबाईंचा आवाज, "बंत नोड्री! बंत!" आला बघा, आला.

आत गेलो तेव्हा ती अर्धवट गुंगीत होती. छातीवर दोन ठिकाणी कातडी लाल झालेली. नर्सबाईंनी नळी माझ्या कानात दिली. शहात्तर. मनगटावरही शहात्तर. एकामागून एक, सारख्या अंतरानं. मी त्या खाटेशी उभा राहून रडलो, आणि रडतानाही मला माझाच राग येत होता, कारण तीन आठवड्यांपूर्वी याच खाटेशी मी जवळजवळ गप्प बसणार होतो.

संध्याकाळी तिला नीट जाग आली. मी विचारलं, "कसं वाटतंय?"

"छातीत काही आहे असंच वाटत नाही," ती म्हणाली. "बरं वाटतंय." मग छताकडं बघत म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंत."

"सांगायलाच हवं होतं. तुझा जीव..."

"सांगायला हवं होतं. पण माझा पदर बाजूला होता. ती पोरं उभी होती. डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. नाहीतर मला सांगू द्यायचं. मी झोपले नव्हते तेव्हा, मुकी पण नाही."

पाच दिवसांच्या अबोल्याचं कारण मला तेव्हा कळलं. मी काहीतरी बोलणार होतो. सकाळची घाई, मशीन तयार होतं, असलं काहीतरी. ती म्हणाली, "अक्का मला न विचारता गप्प बसल्या. तुम्ही मला न विचारता बोललात." मग तिनं पाणी मागितलं.

ताल आला तरी गुठळीची भीती म्हणून पुढं आणखी महिनाभर रक्त पातळ करायची गोळी घ्यायची होती, आणि दर सोमवारी दाखवायला जायचं होतं. पहिल्या सोमवारी आमचा नंबर आला तसा मी वही घेऊन उठलो. तिनं माझ्या हातातून वही घेतली.

"तुम्ही इथं बसा," ती म्हणाली, आणि एकटी आत गेली.

मी बाकावर बसून राहिलो. आतून आधी डॉक्टरांचा आवाज आला, मग तिचा, बराच वेळ तिचाच. ती कन्नडमध्ये बोलत होती, भराभर, न थांबता. दाराआडून शब्द नीट ऐकू येत नव्हते. बाहेर आल्यावर तिनं वही पिशवीत टाकली आणि जिना उतरायला लागली.